कानात राहिलेला कॉम्प्युटर

घरातल्या पहिल्या कॉम्प्युटरचं कॉन्फिगरेशन लोकांना तोंडपाठ असतं. स्वतःच्या गाडीचा नंबर सांगताना अडखळतील, पण रॅम किती होती ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. मलाही येतं: पेंटियम १३३, १६ एमबी रॅम, १.२ जीबी हार्ड डिस्क, १४ इंची मॉनिटर, विंडोज ९५. त्या पिढीतले चार जण जमले की हे आकडे निघतातच आणि मग कुणाचा कॉम्प्युटर जास्त मागास होता यावर चढाओढ लागते. कुणी पेंटियमच्या आधीचा ४८६ काढतं, कुणी त्याचं टर्बो बटण काढतं, कुणी थेट कॅसेटवर जातं. मीही त्यात हिरिरीने भाग घेते. पण खरं सांगायचं तर त्या आकड्यांचं मला फार काही नाही. तो कॉम्प्युटर मला आठवतो तो आवाजांनी. दिसायला नेमका कसा होता हे सांगायला जुने फोटो बाहेर काढावे लागतील. सुरू कसा व्हायचा हे मात्र मी आत्ता, या क्षणी, तोंडाने करून दाखवू शकते.

सुरुवात बटणापासून. त्या डब्याचं (घरात सगळे त्याला ‘सीपीयू’च म्हणायचे, आणि ते चूक आहे हे कळल्यावरही म्हणत राहिले) पुढचं बटण खरंखुरं विजेचं बटण होतं. एटी या जुन्या पद्धतीच्या त्या डब्यांत पॉवर सप्लायपासून एक जाड वायर थेट पुढच्या बटणापर्यंत आलेली असायची आणि त्यातून मुख्य वीज खेळायची. दाबलं की खट्‌कन आत जायचं आणि आतच बसायचं. मग पंखा. पंख्याच्या मागोमाग हार्ड डिस्क जागी व्हायची. तिचा सूर खालून वर चढत जायचा आणि मिनिटाला ५,४०० फेऱ्यांवर पोचला की तिथेच लागून राहायचा. तोवर काळ्या स्क्रीनवर रॅमची मोजदाद सुरू झालेली. आकडे टिकटिक करत १६३८४ पर्यंत चढायचे. मग फ्लॉपी ड्राइव्ह कुणी न सांगता एकदा घर्रर्र करून घ्यायचा, त्याचा हिरवा दिवा लागून विझायचा, आणि शेवटी डब्याच्या पोटातून एक आखूड बीप.

त्या बीपला आमच्या घरात मान होता. कॉम्प्युटर सुरू होताना स्वतःला तपासून बघतो, आणि तपासणीत काही बिघडलेलं सापडलं तर ते स्क्रीनवर लिहून दाखवेलच याची खात्री नसते, कारण बिघाड कदाचित स्क्रीन चालवणाऱ्या कार्डातच असेल. म्हणून तक्रार करायला त्याच्याकडे सगळ्यात साधी वस्तू ठेवलेली: एक चिमुकला स्पीकर. एक आखूड बीप म्हणजे सगळं ठीक. लांब बीप, किंवा एकामागून एक येत राहिलेले बीप, म्हणजे काहीतरी हललंय, नाहीतर मेलंय. कुठल्या बीपचा काय अर्थ हे बायोस, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करून देणारा आतला प्रोग्रॅम, बनवणाऱ्या कंपनीवर अवलंबून असायचं, त्यामुळे शेजारच्या घरातलं ज्ञान आपल्या घरात उपयोगी पडेलच असं नाही. आमच्याकडे या विद्येतला अधिकारी पुरुष म्हणजे दादा. लांब बीप आला की तो डब्याचे स्क्रू काढायचा, रॅमची पट्टी खाचेतून बाहेर घ्यायचा, तिच्या कडेचे सोनेरी दात साध्या खोडरबराने घासायचा, फुंकर मारायचा आणि दोन्ही अंगठ्यांनी पुन्हा दाबून बसवायचा. दोन्ही बाजूंच्या क्लिपा कट्‌ कट्‌ करून मिटल्या की माझ्याकडे न बघता म्हणायचा, “लाव.” मी बटण दाबायचे आणि आम्ही दोघंही स्क्रीनकडे पाठ करून बीपची वाट बघायचो.

यानंतर विंडोजचं स्वागत-संगीत. ते सगळ्या जगाने ऐकलंय, त्यामुळे त्याबद्दल मी वेगळं काय सांगणार? एवढंच, की ते सहा-एक सेकंदांचं संगीत ब्रायन ईनो या मोठ्या संगीतकाराने केलंय आणि ते आपण मॅकवर बसून केलं असं त्यानेच पुढे सांगून टाकलं. हे मला फार उशिरा कळलं आणि कळल्यावर उगाचच आनंद झाला.

खरा आवाज हार्ड डिस्कचा. १६ एमबी रॅममध्ये विंडोज ९५ चालायचं, म्हणजे चालायचं इतकंच. एक प्रोग्रॅम उघडा ठेवून दुसरा उघडला की रॅम पुरायची नाही, मग विंडोज रॅममधला मजकूर उचलून हार्ड डिस्कवर ठेवायचं, तिथला इकडे आणायचं, पुन्हा तिकडे न्यायचं. ही सगळी ने-आण ऐकू यायची. करकर, कुरकुर, मधेच अर्धा क्षण गप्प, पुन्हा करकर. स्क्रीनवर वाळूचं घड्याळ असायचं, पण त्या घड्याळावर आमच्यापैकी कुणाचाही विश्वास नव्हता. कॉम्प्युटर कामात असो की कायमचा अडकलेला असो, घड्याळ तसंच. डिस्क मात्र खोटं बोलायची नाही. कुरकुर चालू आहे तोवर थांबायचं. कुरकुर थांबली, घड्याळ तसंच आहे, माउस हलत नाही, म्हणजे संपलं, बंद करून सुरू करा.

यात आईचा हात कुणी धरला नाही. आई सुरुवातीला कॉम्प्युटरला हातही लावायची नाही. पण ती आतल्या खोलीतून, पाठमोरी, आपलं काम करता करता सांगायची, “अडकलाय गं तो. कशाला बसलीयेस त्याच्यासमोर?” आणि तो अडकलेलाच असायचा. गेम चालू आहे की अभ्यास, हेही तिला असंच कळायचं. टाइप करताना कीबोर्डचा आवाज तुटक आणि सगळीकडून येतो. गेममध्ये बाणांच्या त्याच चार कळा बडवल्या जातात. आम्ही स्पीकर बंद करून स्वतःला फार हुशार समजायचो.

या करकरीमागे जे यंत्र आहे ते मोठं गमतीचं आहे. हार्ड डिस्कचा वाचणारा-लिहिणारा हात ज्या जोरावर इकडून तिकडे झेपावतो, त्या भागाला ‘व्हॉइस कॉइल’ म्हणतात. चुंबकाच्या क्षेत्रात तारेचं वेटोळं, वेटोळ्यातून वीज, आणि विजेच्या चढउताराप्रमाणे त्या वेटोळ्याचं हलणं. लाउडस्पीकरचा पडदा हलतो तो नेमका याच युक्तीने. म्हणजे प्रत्येक कॉम्प्युटरात स्पीकरचा एक भाऊबंद कामाला लावलेला होता. त्याने आवाज केला यात नवल नाही. फ्लॉपी ड्राइव्हची मोटर वेगळी, टप्प्याटप्प्याने सरकणारी, आणि तिचे टप्पे ठरावीक वेगाने टाकले तर सूर निघतात. पोलंडमधल्या पावेल झाद्रोझ्नियाक यांनी याचा अख्खा वाद्यवृंद उभा केलाय. २०२२ मधल्या त्यांच्या ‘फ्लॉपोट्रॉन’मध्ये ५१२ फ्लॉपी ड्राइव्ह, १६ हार्ड डिस्का आणि ४ स्कॅनर आहेत. मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा गाण्याकडे लक्षच गेलं नाही. ‘डिस्क वाचली जात नाहीये’ असंच सारखं वाटत राहिलं.

कानाने कॉम्प्युटर चालवणारे आम्हीच पहिले, असं मात्र समजू नये. ही परंपरा कॉम्प्युटरइतकीच जुनी आहे. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरएसी या पहिल्या पिढीतल्या कॉम्प्युटरला लाउडस्पीकर जोडलेला होता. प्रोग्रॅम कुठवर आला, कुठल्या चक्रात फिरतोय, थांबला का, हे चालवणारे ऐकून ओळखत. त्याच स्पीकरवर १९५१ मध्ये त्यांनी सूरही वाजवले. त्याहून अजब म्हणजे त्याची स्मृतीसुद्धा ध्वनीचीच होती. पाऱ्याने भरलेल्या नळ्यांतून ध्वनीची स्पंदनं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायची, तिथून पुन्हा पहिल्या टोकाला आणून सोडायची. फिरत आहेत तोवर लक्षात आहे. इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या फेरांटी मार्क १ ला भोंगा होता आणि त्या मशीनसाठी अ‍ॅलन ट्युरिंग यांनी लिहिलेल्या पुस्तिकेत तो कसा वाजवायचा तेही दिलेलं आहे. त्यांच्यासारखे गणिती जर भोंगा ऐकत बसत असतील, तर आमच्या आईने डिस्क ऐकली यात काय वावगं?

आता बाबा.

बाबा टायपिंग शिकलेले ते टाइपरायटरवर, रीतसर परीक्षा देऊन. कॉम्प्युटर घरी आला त्यात त्यांचा असा स्वार्थ काही नव्हता, पण पत्र टाइप करायला ते एकदा बसले आणि मग बसतच गेले. कीबोर्डवर ते कळा दाबत नसत, हाणत असत. टाइपरायटरची कळ मनापासून हाणली नाही तर अक्षर फिकट उमटतं, त्यामुळे बोटांना तीच सवय. आम्ही म्हणायचो, बाबा, हळू, मोडेल. ते दोन ओळी हळू टाइप करायचे आणि तिसरीला पुन्हा घणाघात सुरू. त्यात त्यांचा डावा हात दर थोड्या वेळाने कीबोर्डवरून उठायचा, हवेत अर्धवट पुढे जायचा आणि परत यायचा. मला आधी वाटलं हात दुखतोय. नंतर लक्षात आलं: ओळ संपत आली की टाइपरायटरचा गाडा मागे ढकलायचा दांडा डावीकडे असतो. हात तो दांडा शोधत होता.

पण त्यांची खरी अडचण दांड्याची नव्हती, घंटीची होती. टाइपरायटरवर ओळ संपायच्या थोडं आधी टण्‌ अशी घंटी वाजते. टाइप करणारा बघत असतो समोरच्या मजकुराकडे, यंत्राकडे नाही. त्याला ओळीचा शेवट घंटीच सांगते. इथे घंटी नाही. इथे शब्द ओळीत मावला नाही तर आपला आपण खाली जातो. हे त्यांना समजावून सांगितलं, त्यांना ते पटलंही, तरी ते ओळीच्या शेवटी थबकायचेच. “कळत नाही ना संपली कधी ते,” म्हणायचे. आम्ही म्हणायचो, कळायची गरजच नाही. यावर ते काही बोलायचे नाहीत, पण पटलंय असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं नाही.

मी तेव्हा क्यूबेसिक ही प्रोग्रॅम लिहायची सोपी भाषा शिकत होते. विंडोज ९५ च्या सीडीत डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या यंत्रणेच्या, जुन्या प्रोग्रॅमांचं एक अडगळीतलं फोल्डर होतं, त्यात ते पडलेलं दादाला सापडलं होतं. मला त्यात तोवर फारसं काही येत नव्हतं, पण ‘बीप’ असं लिहिलं की बीप वाजतो एवढं येत होतं. मग मी बाबांसाठी एक प्रोग्रॅम केला. दाबलेली प्रत्येक कळ मोजायची, अक्षर स्क्रीनवर उमटवायचं, मोजणी साठावर गेली की बीप वाजवायचा, एंटर दाबला की मोजणी पुन्हा शून्यावर. त्यात खोडता येत नव्हतं, पत्र जतन होत नव्हतं, छापता येत नव्हतं. फक्त घंटी होती. बाबांना बोलावून बसवलं. त्यांनी चष्मा सारखा केला, एक ओळ टाइप केली, बीप वाजला, आणि ते थांबले.

“उशिरा वाजली,” ते म्हणाले.

मी म्हटलं, साठावर वाजते, साठाचीच तर ओळ आहे.

“अगं, संपल्यावर वाजून काय उपयोग? पाच-सात अक्षरं आधी वाजली पाहिजे. हातातला शब्द पुरा करायला जागा नको का?”

मी साठाचे चोपन्न केले. त्यांनी पुन्हा एक ओळ टाइप केली. या वेळी घंटी वाजल्यावर थांबले नाहीत, शब्द पुरा केला, एंटर हाणला आणि पुढच्या ओळीला लागले. “हं,” म्हणाले. त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

ती घंटी कॉम्प्युटरात आधीपासूनच बसलेली होती, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. अक्षरांना क्रमांक देणाऱ्या आस्की या पद्धतीत (१९६३ पासूनची) ए, बी, सी सारख्या अक्षरांखेरीज काही न दिसणारी चिन्हंही आहेत, आणि त्यातलं सातव्या क्रमांकाचं चिन्ह आहे घंटी. तारेवरून चालणाऱ्या टेलिप्रिंटरमध्ये खरी धातूची घंटी असायची. पलीकडच्या माणसाचं लक्ष वेधायला हे चिन्ह पाठवायचं. टेलिप्रिंटर गेले, घंटी गेली, क्रमांक राहिला. डॉसच्या काळ्या पडद्यावर कंट्रोल धरून जी दाबून ते चिन्ह उमटवायचं, इको आज्ञेने छापायला सांगायचं, आणि डब्यातून बीप यायचा. टाइपरायटरच्या वंशातली ही एक वस्तू बाबांच्या कीबोर्डाखाली लपलेली होती आणि मी ती मोजणी करून नव्याने घडवत बसले होते. बरं झालं माहीत नव्हतं.

घंटी जमल्यावर मी ‘साउंड’ या आज्ञेकडे वळले. तिला दोन आकडे लागतात: सूर किती उंच आणि किती वेळ. दुसरा आकडा सेकंदात नसतो. एक सेकंद म्हणजे १८.२. हा कसला आकडा? अठरा नाही, वीस नाही, अठरा पूर्णांक दोन. आयबीएमने १९८१ मध्ये पहिला पीसी केला तेव्हा त्यात जो स्फटिक वापरला, तो अमेरिकन रंगीत टीव्हीच्या हिशेबातला होता, म्हणजे तिथल्या रंगसंकेताच्या वारंवारतेच्या चौपट. एका स्फटिकावर टीव्हीचंही भागेल आणि प्रोसेसरचंही. त्याच्या वेगाला १२ ने भागून घड्याळाची चिप चालवली, त्या चिपमध्ये ६५,५३६ पर्यंत मोजता येतं, आणि त्याने भागलं की सेकंदाला १८.२ ठोके उरतात. दीड दशकानंतरच्या आमच्या पेंटियममध्येही तेच ठोके. मी सूर लावायला बसले की बेताल व्हायचं त्याचा सगळा दोष मी या स्फटिकावर ढकलते.

मॉनिटरचा आवाज फार नव्हता. लावताना ठण्‌ व्हायचं, ते आतल्या धातूच्या जाळीत मुरलेलं चुंबकत्व घालवण्याचं. बंद केल्यावर काच चरचरायची. हात फिरवला तर अंगावरचे केस उभे राहायचे. सीडीचं तर सांगण्यासारखं काही नाही, ती फिरू लागली की विमानात बसल्याचा भास व्हायचा इतकंच.

फोनच्या तारेवरून इंटरनेटला जोडणारा मोडेम मात्र मागाहून आला आणि त्याने घर डोक्यावर घेतलं.

त्याच्या आवाजाची नक्कल सगळेच करतात आणि सगळ्यांची चुकते, कारण लोक फक्त शेवटची खरखर करतात. खरी मजा तिच्या आधी. आधी फोनचा साधा सूर, मग नंबरांची टुकटुक, पलीकडे रिंग. मग पलीकडचा मोडेम फोन उचलून एकच लांब सूर धरतो, २,१०० हर्ट्झचा. नीट कान दिला तर त्यात दर अर्ध्या सेकंदाच्या आसपास एक बारीकसा हिसका ऐकू येतो. तो हिसका माणसांसाठी नाही, टेलिफोनच्या यंत्रणेसाठी आहे. फोनवर आपलाच आवाज आपल्याला परत ऐकू येऊ नये म्हणून तारेवर प्रतिध्वनी मारणारी साधनं बसवलेली असतात. हा सूर त्यांना सांगतो, बाजूला व्हा, आता माणसं बोलणार नाहीयेत. मग दोघं आपापल्याला काय काय येतं ते सांगून घेतात. मग तारेची परीक्षा: वेगवेगळे सूर सोडून बघायचं की कुठला पोचतो, कुठला वाटेत मरतो. टेलिफोनची तार माणसाच्या बोलण्यापुरती बनवलेली, साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढीच तिची झेप; तेवढ्यात सगळं बसवायचं. आणि शेवटी ती खरखर. ती निरर्थक वाटते कारण पाठवायची माहिती मुद्दाम घुसळून, जणू यादृच्छिक करून सोडलेली असते. नुसता गोंगाट वाटतो, त्यात खरं बोलणं चालू असतं.

आणि तिथे स्पीकर बंद व्हायचा. जोडणी झाली की मोडेम गप्प. दादा मात्र ती खरखर संपायच्या आतच सांगायचा, “आज २८.८ लागणार.” आमचा मोडेम ३३.६ चा (सेकंदाला इतके किलोबिट), पण तार खराब असेल तर दोघं मोडेम कमी वेगावर तडजोड करायचे आणि ती तडजोड कानाला कळायची, परीक्षेचा भाग रेंगाळायचा. पूर्ण वेग लागला तरी एक एमबी उतरवायला चार मिनिटांच्या वर. तोवर फोन अडलेला. आईला कुणाला फोन करायचा असला की ती रिसीव्हर उचलायची, कानाला लावायची, आणि मोडेम मेलेला असायचा. ‘मला वाटलं झालं असेल तुमचं,’ हे वाक्य आमच्या घरात त्या काळात सगळ्यात जास्त वेळा बोललं गेलं असेल.

रात्रीचा प्रश्न वेगळा. रात्री हा सगळा तमाशा लपून करता येत नव्हता. मग कळलं की मोडेमला आज्ञा देता येतात आणि ‘एटी एम शून्य’ अशी आज्ञा दिली की तो तोंड मिटून काम करतो. दादाने ती एका रात्री घातली. जोडणी झाली, पण झाली हे आम्हाला समजेना; डायल होतंय का, तार जिवंत आहे का, काही कळायला मार्ग नाही. दोघंही स्क्रीनकडे टक लावून बसलो. दुसऱ्या दिवशी दादाने आवाज परत चालू केला आणि मोडेमवर उशी ठेवायची पद्धत सुरू झाली.

कॅसेटच्या जमान्यातल्या मंडळींसमोर मात्र मोडेमची फुशारकी चालत नाही. १९८२ च्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम म्हणजेच आवाज. साध्या टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावायची, ती किंचाळायची, आणि सेकंदाला सुमारे १,५०० बिट या हिशेबाने ४८ केबी भरायला साडेचार-पाच मिनिटं जायची. आवाज आहे म्हटल्यावर तो रेडिओवरूनही पाठवता येणार. नेदरलँड्‌समध्ये रेडिओवर ‘हॉबीस्कूप’ नावाच्या कार्यक्रमात प्रोग्रॅम प्रक्षेपित व्हायचे. युगोस्लाव्हियात व्होया अँटोनिच यांनी १९८३ मध्ये ‘गॅलाक्सिया’ हा घरी जोडता येणारा कॉम्प्युटर तयार केला आणि झोरान मॉडली आपल्या बेलग्रेड रेडिओवरच्या कार्यक्रमात प्रोग्रॅम वाजवून दाखवायचे. श्रोते ते कॅसेटवर भरून घ्यायचे. निवेदकाने ‘आता ऐका’ म्हणायचं आणि पुढची कित्येक मिनिटं नुसती किंकाळी. अशी श्रोतृवर्गाची भक्ती नंतर कुठल्या रेडिओला मिळाली असेल असं वाटत नाही.

आमचा कॉम्प्युटर गेला तोही सांगून गेला. एका संध्याकाळी त्या नेहमीच्या करकरीत एक नवा आवाज शिरला. टक्‌. थोडा वेळ काही नाही. टक्‌. टक्‌. आईनेच आधी ऐकला. “हा त्याचा आवाज नाही,” ती म्हणाली. दादाने कान डब्याला लावला आणि त्याचा चेहरा उतरला. डिस्कचा हात आपण कुठे आहोत हे तबकडीवरच्या खुणा वाचून ओळखतो. खुणा वाचता आल्या नाहीत की तो मागे जाऊन आपटतो आणि पुन्हा पहिल्यापासून शोधायला निघतो. टक्‌ म्हणजे तो परत फिरल्याचा आवाज. दादाने लगेच जमेल तेवढं फ्लॉप्यांवर उतरवायला घेतलं. एका फ्लॉपीत १.४४ एमबी. कुठली फाइल आधी वाचवायची यावर तिथे उभ्याउभ्या आमचं भांडण झालं, आणि भांडणाच्या मागे ते टक्‌ टक्‌ वाढत चाललेलं. बाबांची पत्रं वाचली, कारण ती आकाराने अगदी लहान होती. माझा घंटीचा प्रोग्रॅमही वाचला, त्याच कारणाने. दादाची चित्रं गेली.

त्यानंतर आला तो डबा नव्या एटीएक्स पद्धतीचा होता. पुढचं बटण नुसतं टिचकीचं, दाबलं की परत वर येणारं. ते विजेला हात लावत नाही, मदरबोर्डाला फक्त निरोप देतं. जुन्या कॉम्प्युटरला विंडोजमधून बंद करायला सांगितलं की तो काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत लिहायचा, आता बंद करायला हरकत नाही, आणि मग आपण जाऊन ते बटण खट्‌कन बाहेर काढायचं. तो स्वतःची वीज तोडू शकत नव्हता म्हणून परवानगी देऊन थांबायचा. नवा स्वतःच बंद होई. आम्हाला याचं केवढं अप्रूप! बाबांना मुळीच नाही. ते पाच मिनिटं त्याच्याजवळ उभे राहायचे, मागे हात लावून गरम आहे का बघायचे, आणि मग वाकून भिंतीवरचं बटणही बंद करायचे. “खट्‌ वाजलं नाही,” म्हणायचे.

आता माझ्याकडे पंखाही नसलेला लॅपटॉप आहे. त्यात फिरणारं, झेपावणारं, आपटणारं काहीच नाही. तो कामात असला तरी गप्प, अडकला तरी गप्प. स्क्रीनवर एक गोल चकती फिरते, आणि तिची विश्वासार्हता वाळूच्या घड्याळाइतकीच आहे. आवाज हवेत म्हणून ते वरून घातलेत: फोनवर अक्षर दाबलं की टिक्‌, फोटो काढला की न असलेल्या शटरचा खटका. मी हे सगळे आवाज बंद करून ठेवते. बाबा माझ्याकडे राहायला आले की रात्री मी लॅपटॉपचं झाकण लावताना खुर्चीतून विचारतात, “बंद केलास?” मी हो म्हणते. तो बंद झालेला नसतो, झाकणाखाली नुसता पेंगत असतो. बाबा उठतात आणि चार्जरचं भिंतीवरचं बटण बंद करून येतात.